फ्रान्चेस्को, फ्रान्सिस, फ्रान्झ, पाको: एका टोपणनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्चेस्को या नावाचा अर्थ काय?

'फ्रँक लोकांपैकी', आणि पुढे 'फ्रान्सकडचा', 'फ्रेंच'. उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'फ्रान्सिस्कुस' या विशेषणाचं इटालियन रूप म्हणजे फ्रान्चेस्को. बाळाच्या नावांच्या पुस्तकांत अर्थाच्या रकान्यात 'मुक्त, स्वतंत्र' असं छापलेलं असतं. ते अगदीच खोटं नाही, पण मधल्या दोन पायऱ्या गाळून सांगितलेलं आहे. त्या पायऱ्या पुढे येतीलच.

हे नाव पहिल्यांदा गाजलं कुणामुळे?

असिसीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलामुळे. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात असिसी हे डोंगरउतारावरचं गाव. तिथला पिएत्रो दी बेर्नार्दोने उंची कापडाचा व्यापार करी आणि त्यासाठी फ्रान्सला ये-जा करी. 1181 किंवा 1182 मध्ये तो असाच बाहेरगावी असताना त्याच्या घरी मुलगा झाला. आईने बाप्तिस्मा उरकून घेतला आणि नाव ठेवलं जोव्हान्नी, म्हणजे आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतला योहान किंवा जॉन.

बाप परत आला आणि मुलाला फ्रान्चेस्को म्हणू लागला. का, याची कारणं चरित्रकारांनी वेगवेगळी दिली आहेत: ज्या देशाने घरात पैसा आणला त्याचं कौतुक, फ्रेंच चालीरीतींची आवड. काहीही असो, मुलगाही नावाला जागला. आनंदात असला की तो फ्रेंचमध्ये गाणी म्हणत असे. घरदार सोडल्यानंतर एकदा रानातून तो असाच गात चालला असताना चोरांनी गाठलं आणि झोडपून बर्फात ढकलून दिलं, अशी हकिकत त्याच्या सर्वांत जुन्या चरित्रात आहे.

त्याच्या पुढच्या आयुष्याविषयी, म्हणजे दारिद्र्याचं व्रत, पाखरांना केलेला उपदेश वगैरे, बरंच लिहिलं गेलंय. नावाच्या गोष्टीपुरतं इतकं पुरे: 1226 मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांत, 1228 मध्ये, पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. बाप्तिस्म्याचं जोव्हान्नी मागे पडलं आणि बापाने दिलेलं टोपणनाव वेदीवर चढलं.

म्हणजे त्याच्याआधी हे नाव नव्हतंच?

विशेषण म्हणून शब्द होता. माणसाचं नाव म्हणून क्वचित. त्याच्यानंतर मात्र चित्र पालटलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात राव्हेन्नाच्या राजघराण्यातली मुलगी फ्रान्चेस्का आहे. रिमिनीला दिलेली आणि पुढे नवऱ्याच्या हातून मारली गेलेली हीच ती फ्रान्चेस्का, जिला दान्तेने आपल्या महाकाव्यातल्या नरकाच्या पाचव्या सर्गात बोलतं केलं. 1304 मध्ये जन्मलेला कवी पेत्रार्का, तोही फ्रान्चेस्कोच.

हे फ्रँक लोक कोण?

रोमन साम्राज्य ढासळत असताना ऱ्हाइन नदीकाठच्या ज्या जर्मानिक टोळ्या पश्चिमेकडे सरकल्या, त्यांतली एक. गॉल प्रांतावर त्यांनी राज्य बसवलं आणि त्या भूमीला त्यांच्यावरून फ्रान्स हे नाव पडलं. टोळीच्या नावाचं मूळ एका जुन्या जर्मानिक शब्दात, 'भाला' या अर्थाच्या, शोधलं जातं.

मग 'मुक्त' कुठून आलं? जिंकलेल्या प्रदेशात पूर्ण मोकळीक आणि कराची सूट होती ती प्रामुख्याने फ्रँकांना, म्हणून 'फ्रँक असणं' आणि 'मोकळं असणं' एकच झालं. इंग्रजीतल्या 'फ्रँकली बोलायचं तर'मधला मोकळेपणा तिथून आला. घराच्या करारनाम्यासाठी बँकेत जाऊन आपण जे 'फ्रँकिंग' करून आणतो, तेही तिथूनच. फ्रँक केलेलं पत्र म्हणजे मुळात टपालहशील माफ असलेलं पत्र. आपण मात्र फ्रँकिंगसाठी रांगेत उभं राहून पैसे भरतो, तो भाग वेगळा.

आपल्या 'फिरंगी' शब्दाचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी सख्ख्या चुलत भावाइतका जवळचा. खरं तर याच उत्तरासाठी हे पान लिहायला घेतलं.

धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातून आलेल्या योद्ध्यांना अरब 'इफ्रंज' म्हणत, म्हणजे फ्रँक. त्यांत फ्रान्सकडचे बरेच होते, पण शब्द सगळ्यांनाच चिकटला. फारसीत त्याचं 'फरंग' आणि 'फरंगी' झालं आणि फारसीच्या हाताला धरून तो आपल्याकडे 'फिरंगी' होऊन उतरला. मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. युरोपी पात्याची लांब, सरळ तलवार ती फिरंग. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशाला 'फिरंगरोग' म्हटलंय, कारण तो त्या लोकांबरोबर आला.

गंमत पुढे आहे. शिवकालीन राजनीतीचा ग्रंथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांची, म्हणजे युरोपी लोकांची, यादी येते. तिच्यात फिरंगी वेगळे आणि फरासीस वेगळे. फिरंगी ते पोर्तुगीज, फरासीस ते फ्रेंच. दोन्ही शब्द निघाले एकाच 'फ्रँक'मधून, पण एक अरबस्तान-इराणमार्गे आधीच येऊन इथला झाला होता आणि दुसरा खुद्द फ्रेंचांबरोबर नंतर आला. त्यामुळे खरे फ्रेंच ते फिरंगी नव्हेत आणि फिरंगी ते फ्रेंच नव्हेत, अशी अवस्था झाली. व्यवहारात कुणाचं काही अडलं नाही.

तेव्हा पिएत्रोशेठने लेकाला लाडाने जी हाक मारली, तिचं मराठी करायचं तर 'फिरंगोजी' म्हणायला हरकत नाही. शाइस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांना ही तुलना कितपत रुचली असती, देव जाणे.

इटलीबाहेर हे नाव कसं पसरलं?

'फ्रान्सिस्कन साधू जिथे गेले तिथे नाव गेलं' हे ठरलेलं उत्तर. अर्धं बरोबर आहे. ते साधू, म्हणजे असिसीच्या संताच्या संघातले, 1224 मध्येच इंग्लंडात पोहोचले होते. पण फ्रान्सिस हे नाव तिथे रुळायला पुढे सुमारे अडीचशे-तीनशे वर्षं जावी लागली. नुसता मठ उभा राहिला म्हणून शेजारी पोरांची नावं बदलत नाहीत.

माझ्या मते हे नाव पसरलं ते नवसाने. दक्षिण इटलीतल्या पाओला गावी एका जोडप्याला मूल होत नव्हतं. त्यांनी असिसीकर संताला साकडं घातलं आणि 1416 मध्ये झालेल्या मुलाचं नाव फ्रान्चेस्को ठेवलं. हा मुलगा पुढे तपस्वी म्हणून इतका गाजला, की फ्रान्सच्या आजारी राजाने, अकराव्या लुईने, त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. फ्रान्सच्या राजघराण्यातली लुईझ दी साव्हुआ या तपस्व्याला फार मानी. तिला 1494 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव फ्रान्स्वा. तो पुढे राजा पहिला फ्रान्स्वा झाला, आणि राजाचं नाव म्हटल्यावर सरदार-दरकदारांच्या घरांत ते शिरायला वेळ लागत नाही. इंग्लंडात हे नाव दिसू लागलं तेही याच सुमाराला.

म्हणजे इटलीतल्या बापाने मुलाला 'फ्रेंच' म्हणून हाक मारली आणि तीनशेहून अधिक वर्षांनी फ्रेंच राजपुत्राला 'फ्रेंच' हेच नाव ठेवलं गेलं. आणखी एक: फ्रेंच भाषेत 'फ्रान्स्वा' हे नाव आणि 'फ्रेंच' या अर्थाचा शब्द कित्येक शतकं एकाच पद्धतीने लिहिले जात. फ्रेंच अकादमीने 1835 च्या शब्दकोशात नवं लेखन मान्य केलं तेव्हा दोघे कागदावर वेगळे झाले.

मध्य युरोपात पुढचा धक्का दिला तो फ्रान्सिस झेवियर यांनी, किंवा त्यांच्या लौकिकाने. बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या कॅथलिक पट्ट्यात 'फ्रान्झ झावेर' अशी जोडनावंच पडू लागली. मोझार्टचा धाकटा मुलगा फ्रान्झ झावेर. 'सायलेंट नाइट' या नाताळगीताला चाल लावणारा ग्रूबर, तोही फ्रान्झ झावेर. त्यात सम्राटांची भर पडली. सम्राट फ्रान्झ योझेफ जवळजवळ 68 वर्षं गादीवर होता. 1883 मध्ये प्रागच्या एका ज्यू घरात जन्मलेल्या काफ्काचं नाव फ्रान्झ ठेवलं गेलं ते त्याच्यावरूनच. तोवर हे नाव संताचं उरलं नव्हतं, सरकारी झालं होतं.

एकाच नावाची इतकी वेगवेगळी रूपं कशी?

प्रत्येक भाषेने आपल्या तोंडाच्या सोयीने ते वळवून घेतलं. सुरुवातीचा 'फ्र' हाच खरा अडसर. हंगेरियनला शब्दारंभी जोडाक्षर नकोसं, म्हणून मध्ये स्वर घालून 'फेरेंत्स'. आपल्याकडे 'फ्रँक'चं 'फिरंगी' होताना हेच झालं, आणि 'स्टेशन'चं 'ठेसन' किंवा 'इष्टेशन' करणाऱ्या आजोबांनीही वेगळं काही केलं नाही. जुन्या लिथुआनियनमध्ये 'फ' नव्हता, म्हणून 'प्रान्सिश्कुस' आणि सुटसुटीत 'प्रानस'. बास्क भाषेलाही 'फ' परका, तिथे लाडकं रूप 'पाची'. आयरिशमध्ये 'प्रॉन्शिअस'. चेकमध्ये 'फ्रान्तिशेक', पोलिशमध्ये 'फ्रान्चिशेक', क्रोएशियनमध्ये 'फ्रान्यो', कातालानमध्ये 'फ्रान्सेस्क', चिनीमध्ये 'फांगजिगे'.

या सगळ्यांत माझा लाडका आहे केरळचा 'पोरिंजू'. त्रिशूरकडच्या ख्रिस्ती घरांत फ्रान्सिसचा पोरिंजू होतो. 'फ'चा 'प' झाला, जोडाक्षर फोडलं, शेवट मल्याळी वळणाचा. शेजारीच 'प्रांची' हेही रूप आहे. पोरिंजूकडे पाहून असिसी आठवणं कठीण, पण रूप नियमाला धरून आहे.

फुटबॉल पाहणाऱ्यांसाठी सोपा नमुना: इटलीचा फ्रान्चेस्को टोट्टी, जर्मनीचा फ्रान्झ बेकेनबाउअर, हंगेरीचा फेरेंत्स पुश्काश आणि स्पेनचा सेस्क फाब्रेगास. चौघांच्या जर्सीवरचं पहिलं नाव एकच.

पाको, पांचो, चिको ही फ्रान्सिस्कोचीच रूपं का?

होय. स्पेनमध्ये पाको, कुरो, किको आणि इस्को. मेक्सिकोत पांचो. क्रांतिकारक पांचो व्हिया याचं जन्मनाव दोरोतेओ आरांगो होतं, 'फ्रान्सिस्को व्हिया' हे त्याने पुढे घेतलेलं नाव. ब्राझीलमध्ये चिको. ॲमेझॉनचं जंगल वाचवण्यासाठी लढलेले आणि 1988 मध्ये मारले गेलेले चिको मेंडिस कागदोपत्री फ्रान्सिस्को होते. खुद्द इटलीत फ्रँको, चेक्को, आणि दक्षिणेकडे चिच्चो.

'पाको' हे लॅटिनमधल्या 'समाजाचा पिता' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलं, अशी एक व्युत्पत्ती स्पेनमध्ये हौसेने सांगतात. ऐकायला छान आहे. पण लहान मुलं नाव कसं तोडतात हे घरात एकदा ऐकलं की तिची गरज राहत नाही.

फ्रँक आणि फ्रान्सिस एकच नाव आहे का?

कधी हो, कधी नाही. इंग्रजीत फ्रान्सिसचं लाडाने फ्रँक होतं. पण 'फ्रँक' हे टोळीच्या नावावरून थेट आलेलं स्वतंत्र नावही आहे, फ्रेंच खेळाडू फ्राँक रिबेरीच्या नावात तेच. इटालियन फ्रँकोचंही तसंच दुहेरी खातं.

मुलींसाठी कोणती रूपं आहेत?

फ्रान्चेस्का, फ्रान्स्वाझ, फ्रान्झिस्का, फ्रान्सिस्का, फ्रान्तिश्का. इंग्रजीत मुलगा आणि मुलगी या दोघांच्या नावांचा उच्चार एकच. फरक एका स्वराच्या स्पेलिंगचा, आणि तोही सतराव्या शतकापासून हळूहळू पक्का झाला. देवनागरीत दोघांना 'फ्रान्सिस' लिहावं लागतं, त्यामुळे बाई की बुवा हे पुढच्या वाक्यातल्या क्रियापदावरून कळतं.

रोमची संत फ्रान्चेस्का (1384–1440) हिला 1925 मध्ये मोटारचालकांची रक्षक संत ठरवण्यात आलं. रोमचं वाहन चालवणं पाहिलेल्यांना हा निर्णय पटेल.

गोव्यात आणि वसईत हे नाव इतकं का आढळतं?

गोव्यात पहिल्यांदा आले ते असिसीच्या परंपरेतले फ्रान्सिस्कन साधू, सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या संताचं चर्च आहे, आज तिथल्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. हेच साधू वसईला आणि साष्टीतही गेले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनी बस्तान बसवलं होतं.

पण कोकणी-मराठी घरांत नाव रुजवलं ते दुसऱ्या फ्रान्सिसने. आजच्या उत्तर स्पेनमधल्या नव्हारमध्ये 1506 साली जन्मलेले फ्रान्सिस्को झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. तिथून मलाक्का, 1549 मध्ये जपानचं कागोशिमा, आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर मृत्यू. त्यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेजूस बॅसिलिकेत आहे. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि फेस्ताला हिंदू घरांतली माणसंही जातात. दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झालं.

इथेही नवस आहेच. चित्रकार सूझा 1924 मध्ये साळगावात जन्मले. लहानपणी देवीच्या आजारातून ते वाचले, तेव्हा आईने झेवियर संताचे आभार म्हणून 'न्यूटन'च्या आधी 'फ्रान्सिस' जोडलं. एफ. एन. सूझामधलं 'एफ' ते हे. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या संसदेत बसलेले गोमंतकीय लेखक फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांच्या नावात पोर्तुगीज रूप टिकलं, तर वसईकडे 'फ्रान्सिस' हेच चाललं. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच.

झेवियर हे मग वेगळं नाव की आडनाव?

ते गावाचं नाव. नव्हारमधल्या त्यांच्या गढीला बास्क भाषेत 'एचेबेरी' म्हणत, म्हणजे 'नवं घर'. त्याचं स्पॅनिश 'हाव्हिएर', पोर्तुगीज 'शाव्हिएर' आणि इंग्रजी 'झेवियर'. तमिळमध्ये 'सवेरियार', आणि त्यावरून सवरिमुत्तू हे पूर्ण तमिळ वळणाचं नाव. मुंबईत 1869 पासून असलेलं कॉलेज तर सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'झेवियर्स'. शब्दशः मराठी केलं तर 'नवघर'. वसई स्टेशनाच्या पूर्वेला नवघर आहेच, त्यासाठी लांब जायला नको.

2013 पर्यंत एकाही पोपने हे नाव का घेतलं नव्हतं?

पोप सहसा आधीच्या पोपचं नाव पुढे चालवत. त्यात हे नाव आयुष्यभर निष्कांचन राहिलेल्या माणसाचं, आणि राजवाड्यात बसून ते मिरवणं सोपं नव्हे. 13 मार्च 2013 रोजी निवडून आलेले अर्जेंटिनाचे बेर्गोलियो यांनी नंतर सांगितलं, की मतमोजणी चालू असताना शेजारी बसलेले ब्राझीलचे कार्डिनल हुम्मेस त्यांना म्हणाले, गरिबांना विसरू नका, आणि तिथेच नाव सुचलं. बेर्गोलियो स्वतः जेझुइट, म्हणजे झेवियरांच्या संघातले. तरी नाव असिसीचं, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. 'पहिले फ्रान्सिस' असं लिहू नये. दुसरे कुणी झाले तरच ते पहिले.

सान फ्रान्सिस्को कोणत्या फ्रान्सिसचं?

असिसीच्या. 1776 मध्ये स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी तिथे त्याच्या नावाने मिशन वसवलं. शेजारची वस्ती मात्र 'येर्बा बुएना' या नावाने ओळखली जाई, 1847 मध्ये तिचं नाव बदलून सान फ्रान्सिस्को केलं गेलं. बे एरियातल्या मराठी मंडळींच्या पत्त्यात तेव्हापासूनचा इटालियन पाहुणा आहे. ब्राझीलची साओ फ्रान्सिस्को नदीही त्याचीच: युरोपी दर्यावर्दी तिच्या मुखाशी पोहोचले तो दिवस 4 ऑक्टोबर 1501, म्हणजे संताचा सण.

इटलीत आज हे नाव मागे पडलंय का?

फारसं नाही. 2001 पासून 2017 पर्यंत नवजात मुलग्यांच्या नावांत ते सलग पहिलं होतं. 2018 मध्ये लिओनार्दोने त्याला मागे टाकलं.

देवनागरीत कसं लिहावं?

इटालियन माणूस असेल तर 'फ्रान्चेस्को', जोर 'चे'वर. 'फ्रान्सेस्को' हे इंग्रजी स्पेलिंगवर भिस्त ठेवल्याने झालेलं रूप, वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं. स्पॅनिश-पोर्तुगीज असेल तर 'फ्रान्सिस्को'. असिसीच्या संताला मराठी ख्रिस्ती समाज 'फ्रान्सिस'च म्हणतो, तेव्हा मराठी मजकुरात तेच ठेवावं. प्रत्येकाला मूळ उच्चारात ओढत नेण्याचा हट्ट नको.

या नावाच्या माणसाला शुभेच्छा कोणत्या तारखेला द्यायच्या?

इटलीत वाढदिवसाइतकाच नावाच्या संताचा दिवसही साजरा होतो. असिसीचा 4 ऑक्टोबर, पाओलाचा 2 एप्रिल, लेखक-पत्रकारांचे पाठीराखे मानले जाणारे संत फ्रान्सिस दी साल यांचा 24 जानेवारी, झेवियरांचा 3 डिसेंबर. इटालियन फ्रान्चेस्कोला 4 ऑक्टोबरला फोन केलात तर चुकणार नाही. गोव्यातल्या फ्रान्सिसला मात्र 3 डिसेंबरला करा, आणि सकाळी लवकर करा, नंतर तो फेस्ताला गेलेला असेल.